यंदा किल्ल्यावरचे मावळे घरीच रंगवा

तुमच्या अंगणात, सोसायटीत किंवा गच्चीच्या कोपऱ्यात अजून दिवाळीचा किल्ला होत असेल, तर एक विनंती आहे. यंदा रंगवलेली चित्रं विकत आणू नका. कोरी आणा. घरी बसून रंगवा.

चित्रं म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती, तुम्हाला ठाऊक असलेल्याच. सिंहासनावरचे महाराज, दरवाजावरचे पहारेकरी, तोफेशेजारचा गोलंदाज, पायथ्याच्या बाजारातली भाजीवाली, गवळण, नांगर धरलेला शेतकरी.

रंगवलेली चित्रं बाजारात सहज मिळतात. पण हंगामात कारागिराला ढिगांनी नग उरकायचे असतात. एका ब्रशाने सगळ्यांच्या पगड्या लाल होतात, दुसऱ्याने सगळ्यांच्या मिशा काळ्या. त्याचा दोष नाही, त्याला तेवढेच पैसे मिळतात. तुमच्या घरी मात्र वेळ काढता येतो आणि मूलही आहे. ज्या मुलाने मावळ्याचा शेला स्वतः रंगवला, त्याला शेला कुठून सुरू होतो आणि कुठे खोचला जातो ते कळतं. ढाल कोणत्या हातात, तलवार कोणत्या बाजूला, हे विचारायला ते तुमच्याकडे येतं. मग तुम्हालाही नीट बघावं लागतं.

सुरुवात नवरात्रात करा. वसुबारसेच्या रात्री मुलांना रंगवायला बसवू नका. माती, दगड, गोणपाट जमवून किल्ला दोन-तीन दिवसांत उभा राहतो, हळीवही चार-पाच दिवसांत उगवतात. चित्रांचं तसं नाही. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. ऑक्टोबरात हवेत ओल असली तर आणखी वेळ लागतो, कोकणात तर हमखास.

कोरी चित्रं कुंभाराकडे विचारा. पुण्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यात, तुमच्या गावात जिथे गणपती घडतात त्या कारखान्यात. दुकानदाराला सवय नसेल, पण मागितलं की पुढच्या वेळी तो ठेवतो. शाडूची मिळाली तर शाडूचीच घ्या. प्लास्टरची घेतलीत तर ती पाण्यात विरघळत नाहीत हे लक्षात ठेवा, म्हणजे ती वर्षानुवर्षं जपायची.

आणि थोडी घ्या. पन्नास आणून वीस रंगवायची आणि तीस तशीच माळ्यावर टाकायची, यात मुलांचा हिरमोड होतो. पाच मावळे मनापासून रंगवलेले असले तर किल्ला भरलेला दिसतो. दरवर्षी पाच वाढवा.

आता काम. चित्राच्या कडेला साच्याची उंच रेघ राहिलेली असते. ती बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. हे घराबाहेर करा, नाकाला रुमाल बांधा. प्लास्टरची आणि मातीची पूड मुलांच्या छातीत जाऊ देऊ नका. शाडूचं चित्र धुवायचं नाही, कोरड्या ब्रशाने झटकायचं. कच्ची माती पाणी पिते आणि तिथेच ढासळते.

मग सगळ्या चित्राला पांढऱ्या रंगाचा एक हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. हा हात चुकवला तर वरचे रंग मातीत जिरतात, फिके आणि डागाळलेले दिसतात.

रंग अॅक्रिलिकचे घ्या. पाण्यात मिसळतात, वाळले की पाण्याने सुटत नाहीत, वासही फारसा नसतो. महागड्या परदेशी बाटल्यांची गरज नाही. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिनचा उंट आपल्या कितीतरी पिढ्यांच्या दप्तरात होता. तोच उंट छापलेल्या अॅक्रिलिकच्या छोट्या बाटल्या गावोगावच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा आणि मातकट तपकिरी एवढे सहा आणा. बाकीचे मुलांना मिसळून करू द्या. हिरवा कसा होतो हे एकदा हाताने केलं की विसरत नाही.

माळ्यावर जुन्या ऑइल पेंटचा डबा असेल तर तो मुलांच्या हाती मुळीच देऊ नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरवणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात किती आहे हे तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं, झालेलं नुकसान भरून येत नाही. कपाटात आजोबांच्या वेळचे धातूचे शिपाई सापडले, तर तेही खेळायला देण्याआधी विचार करा. जुन्या धातूच्या शिपायांत शिसं सर्रास वापरत. ते काचेआड ठेवा, हाताळलं तर हात धुवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. ब्रश तोंडात घालायचा नाही.

बारीक काम करणाऱ्या माणसाला ही सवय पटकन लागते. टोक विस्कटलं की ब्रश ओठांत फिरवला, टोक झालं. घरातली मोठी माणसंही नकळत करतात आणि मुलं बघून शिकतात. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावात १९१७ पासून तरुण मुली घड्याळाच्या तबकड्यांवरचे आकडे चमकणाऱ्या रंगाने रंगवत. त्या रंगात रेडियम होतं. टोक बारीक करायला ब्रश ओठांत धरा, असं त्यांना कारखान्यातच शिकवलेलं होतं. कित्येकींच्या जबड्याची हाडं कुजली, कित्येक तरुण वयात गेल्या. पाच जणींनी कोर्टात धाव घेतली, तेव्हा १९२८ मध्ये कंपनीला तडजोड करून भरपाई द्यावी लागली.

आपल्या बाटलीत रेडियम नाही. पण काही लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असू शकतं, काही निळ्यांत कोबाल्ट. बाटलीवरचं वाचा. न वाचताही पाळता येईल असा नियम हवा असेल तर हा: टोक करायचं असेल तेव्हा ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवा आणि ओल्या फडक्यावर फिरवत ओढा. तेवढंच टोक होतं.

चहाचा कप रंगाच्या टेबलावर ठेवू नका. ब्रश धुवायचं पाणी आणि चहा शेजारी असले की एक दिवस ब्रश चहात जातो आणि तो चहा कोणीतरी पितं. रंगाच्या पाण्याला मोठी, रुंद, वेगळ्या आकाराची बाटली ठेवा. फराळाचा डबाही दुसऱ्या खोलीत. हात धुतल्याशिवाय चकली नाही, हे आजीने सांगायचं. तिचं ऐकतात.

ब्रश कोणता, असं सगळे विचारतात. अगदी केसासारखे बारीक ब्रश घेऊ नका. त्यात रंगच राहत नाही, चित्रापर्यंत पोचेस्तोवर तो वाळतो. एक आणि दोन नंबरचे, टोक जुळणारे दोन ब्रश पुरे, आणि पांढऱ्या हातासाठी एक जुना जाड. केस जिथे पत्र्यात शिरतात तिथपर्यंत रंग जाऊ देऊ नका. पाण्यात ब्रश उभा ठेवू नका, टोक कायमचं वाकतं. धुऊन आडवा ठेवा.

रंग पातळ करा. हे मुलांना पटायला वेळ लागतो. त्यांना एका हातात झाकून टाकायचं असतं. पण जाड रंगाखाली कुंभाराने कोरलेल्या मिशा, पगडीचे पेच, अंगरख्याच्या चुण्या सगळं बुजतं. पातळ रंगाचे दोन-तीन हात द्या, मध्ये वाळू द्या.

आतून बाहेर या. आधी चेहरा आणि हात, मग अंगरखा, मग शेला आणि पगडी, शेवटी तलवार, ढाल, जोडे. म्हणजे वरचा कपडा रंगवताना खालची चूक आपोआप झाकली जाते.

एवढं झालं की दोन गोष्टी करून बघा. काळपट तपकिरी रंगात भरपूर पाणी घाला आणि तो कपड्यांवरून हलका फिरवा. तो चुण्यांत जाऊन बसतो, सावली पडल्यासारखी होते. तो पूर्ण वाळल्यावर ब्रशावर फिका रंग घ्या, जवळजवळ सगळा फडक्यावर पुसून टाका आणि तो ब्रश उंचवट्यांवर अलगद झाडा. चेहऱ्याचं नाक, गुडघा, ढालीची कड उजळते. जगभर छोट्या मूर्ती रंगवणारे हौशी लोक नेमकं हेच करतात. चित्र एकदम जिवंत होतं आणि मूल ओरडून सगळ्यांना बोलावतं.

डोळे शेवटी. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच देतात, ती उगाच नाही. बोटाएवढ्या मावळ्याचे डोळे फसले तर तो घाबरलेला दिसतो. लहान मुलाला डोळे काढायला लावू नका. भुवईखाली तपकिरी सावलीची एक रेघ दिली तरी नजर आल्यासारखी वाटते. महाराजांच्या चेहऱ्याला घरातल्या सगळ्यात स्थिर हाताने ब्रश लावावा.

सगळे मावळे भगव्या कपड्यांत रंगवू नका. ते गावोगावचे शेतकरी, धनगर, कोळी होते. सगळ्यांना एकसारखा गणवेश नव्हता. न रंगवलेल्या सुती कापडाचा मळकट पांढरा, निळीचा निळा, गेरूसारखा तांबूस, मंजिष्ठेचा लाल हे रंग द्या. झेंडा मात्र भगवा. मुलांना पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक दुपार न्या. शस्त्रं बघा, जुनी चित्रं बघा. तलवारीची मूठ कशी असते हे तिथे बघितलं की घरी येऊन सोनेरी रंग कुठे लावायचा हे त्यांना सांगावं लागत नाही.

आता घरातल्या मोठ्या मुलांबद्दल. काही तरुण परदेशी खेळांतले इंचभर उंचीचे सैनिक मागवून रंगवतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या कंपनीचा १९८३ साली निघालेला वॉरहॅमर हा खेळ त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. तुमच्या मुलाला हा नाद असेल तर त्याला हसू नका. तासन्‌तास एका जागी बसून, श्वास रोखून काहीतरी नीट करणारा मुलगा घरात असणं चांगलं आहे. पण त्याच्यासाठी चार गोष्टी बघा.

अस्तराचा स्प्रे बंद खोलीत मारू देऊ नका. गच्चीत, वारा पाठीशी घेऊन मारावा. साधा मास्क धूळ अडवतो, त्या वाफा अडवत नाही. पावसाळी हवेत स्प्रे मारला तर रंग खरबरीत होतो, म्हणून कोरडा दिवस बघावा.

सैनिक घरीच छापत असेल तर थ्रीडी प्रिंटरच्या ओल्या रेझिनला उघड्या हाताने शिवू नये. नायट्राइलचे हातमोजे घालावेत. एकदा कातडीला त्याची अॅलर्जी झाली की ती पुढे थोड्याशा संपर्कानेही उठते आणि हा छंदच सोडावा लागतो. उरलेलं ओलं रेझिन मोरीत ओतू नये.

फेविक्विकने बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा. सांडलेलं फेविक्विक कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नका. कापसावर ते इतकं तापतं की चटका बसतो.

ब्लेड नेहमी अंगापासून दूर चालवावं, आणि बोथट झालं की बदलावं. बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि तेच बोटात घुसतं.

पैशांचंही एकदा स्पष्ट बोला. हातातला सैनिकांचा डबा रंगवून झाल्याशिवाय नवा मागवायचा नाही, असं ठरवा. हे रागावून नको, बरोबर बसून ठरवा. त्याने रंगवलेला सैनिक हातात घेऊन बघा आणि कसं केलंस ते विचारा. तो तासभर सांगेल. मग त्यालाच सोसायटीतल्या लहान मुलांना शिकवायला बसवा. सावलीचा हात आणि कोरडा ब्रश त्याच्याइतका चांगला कोणी शिकवू शकणार नाही.

कारण हे काम एकट्याने करायचं नाही. रविवारी सकाळी एका घरी सतरंजी टाका, खिडकीजवळ, उजेडात. रंग वाटून घ्या. सहा घरांनी सहा रंग आणले तर कोणावर भार पडत नाही. मुलींना रांगोळीकडे आणि मुलांना किल्ल्याकडे अशी वाटणी अजून खूप ठिकाणी होते, ती मोडा. ब्रश दोघांच्या हाती द्या.

मूल रंगवत असताना त्याच्या हातातून ब्रश काढून घेऊन नीट करून देऊ नका. मोह होतो, आवरा. निळा घोडा असेल तर निळा राहू दे. दाखवायचंच असेल तर दुसरं चित्र घ्या आणि त्यावर दाखवा. दुसऱ्याच्या मुलाच्या चित्राबद्दल बोलायचं असेल तर आधी त्यातलं चांगलं काय ते सांगा आणि सुधारणा त्याने विचारली तरच सांगा. किल्ल्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनाही विनंती आहे. घरी रंगवलेल्या चित्रांना वेगळे गुण ठेवा, आणि परीक्षकांनी ती वाकून, जवळून बघावीत.

तासाभराने सगळ्यांना उठवा. मान आणि डोळे दुखेपर्यंत बसू देऊ नका. चित्र डोळ्यांजवळ नेण्याऐवजी पुस्तकांच्या चळतीवर ठेवा, मान वाकत नाही.

दिवाळी संपली की किल्ल्याची माती कुंड्यांना जाते. चित्रांना आधी मऊ ब्रशाने माती झटका. हात तुटला असेल तर लगेच चिकटवा, तुकडा नंतर सापडत नाही. प्रत्येक चित्राच्या तळाला मुलाचं नाव आणि साल पेन्सिलीने लिहा. वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवा, मध्ये कापडाचे बोळे द्या. ओल नसलेल्या फळीवर ठेवा. प्लास्टरची चित्रं नदीत किंवा विहिरीत सोडू नका.

आणि पुढच्या वर्षासाठी कुंभाराला जूनच्या आधीच सांगून ठेवा. गणपतीचं काम सुरू झालं की त्यांना मान वर करायला सवड नसते. कोरी किती हवीत, मावळे किती, गवळण किती, हे आकड्यात सांगा आणि थोडे पैसे आधी द्या.