भोपळ्यात कोण आहे?

शाळा सुरू होऊन महिना झाला की पालकांच्या पत्रांत एक तक्रार हटकून येते: मूल शाळेतलं काही सांगत नाही. ‘आज काय झालं?’ ‘काही नाही.’ ‘कुणाशी भांडलास?’ ‘नाही.’ ‘मग तोंड का पाडलंय?’ यावर उत्तरच नाही. पत्राच्या शेवटी विचारलेलं असतं, याला बोलतं कसं करायचं?

माझं उत्तर ठरलेलं आहे. उलटतपासणी थांबवा आणि गोष्ट सांगा. चार-पाच वर्षांच्या मुलाला आपल्या मनात काय चाललंय ते सांगता येतंच असं नाही. कावळ्याच्या मनात काय चाललंय ते मात्र ते न विचारताही सांगतं.

भोपळ्यातली म्हातारी आठवा. लेकीकडे जाताना तिला रानात वाघ अडवतो, कोल्हा अडवतो. लेकीकडून चांगली धष्टपुष्ट होऊन येते, मग खा, असं सांगून ती सुटते. परतताना भोपळ्यात बसून येते आणि वाघ त्या भोपळ्यालाच म्हातारीचा ठावठिकाणा विचारतो. इथे तीन वर्षांचं मूल ओरडतं, ‘आत आहे, आत आहे!’ वर्ष-दीड वर्षाने तीच गोष्ट सांगा. आता ते तोंडावर बोट ठेवून गालातल्या गालात हसतं. आपल्याला माहीत आहे ते वाघाला माहीत नाही, ही गंमत त्याला कळलेली असते.

विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३मध्ये मुलांची जी परीक्षा प्रसिद्ध केली, तीही एक गोष्टच होती. मॅक्सी आपलं चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा दुसरं कपाट दाखवतात, कारण चॉकलेट तिथे आहे हे त्यांना स्वतःला माहीत असतं. मॅक्सीला ते माहीत नाही, हे चार-पाच वर्षांच्या सुमारास उमगू लागतं. समजूत घालणं, थट्टा करणं, माफी मागणं, इतकंच काय, धड खोटं बोलणंसुद्धा या समजेवाचून जमत नाही. आपल्या आज्यांना मॅक्सी ठाऊक नव्हता, पण भोपळ्याच्या गोष्टीतून त्या मुलांकडून तोच सराव पिढ्यान्‌पिढ्या करून घेत होत्या.

हा सराव होतो तो गोष्ट मधे थांबू शकते म्हणून. मोबाइलवरची गोष्ट मुलाच्या ‘का?’साठी थांबत नाही. एका बालवाडीत मी काऊ-चिऊची गोष्ट ऐकत बसलो होतो. कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं, तो पावसात दाराशी उभा, आणि आतून चिऊताईचं ‘थांब, बाळाला न्हाऊ घालते’ सुरू. ताई तिथे गप्प झाल्या. एक मुलगा म्हणाला, ‘ती मुद्दाम करतेय.’ शेजारची मुलगी चिडली, ‘मुद्दाम नाही, बाळ रडत असेल!’ थोड्या वेळाने मागच्या ओळीतून आवाज आला, ‘मला पण खेळायला घेत नाहीत. थांब थांब म्हणतात.’ ताईंनी ‘कोण घेत नाही?’ असं विचारलं नाही. त्यांनी सगळ्यांना विचारलं, ‘मग आता कावळ्याने काय करावं?’ उत्तरांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं, जोरात हाक मारावी; कुणी म्हणालं, दुसऱ्या घरी जावं. मागच्या ओळीतल्या त्या पोराने यातलं काय उचललं ते मला माहीत नाही. पण त्याचं दुखणं चारचौघांत आलं आणि कुणी त्याला हसलं नाही.

आता हीच गोष्ट आपण कशी संपवतो? ‘म्हणून घर नेहमी पक्कं बांधावं.’ झालं! दाराशी भिजणारा कावळा, मुद्दाम की नाईलाजाने हा वाद, खेळायला न घेतलेलं पोर, सगळं त्या एका वाक्याखाली गाडलं जातं. तात्पर्य सांगितलं की बोलणं संपतं. मुलांना ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून ती लगेच चुळबुळ करू लागतात.

‘मग संस्कारांचं काय?’ असं कुणी म्हणेल. ‘श्यामची आई’ हे संस्कारांचं पुस्तक म्हणून आपण घरोघरी ठेवलं. साने गुरुजींनी ते १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातला श्याम पोहायला घाबरून लपतो, पैसे चोरतो, हट्ट करतो, आणि मोठेपणी हे सगळं मित्रांना न लपवता सांगतो. आपण आईचा उपदेश पाठ करून घेतला, श्यामची कबुली मात्र बाजूला ठेवली. मुलाला धीर येतो तो त्या कबुलीनेच.

उपदेशाला आवर घालण्याची शिस्त परदेशातही दिसते. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वमग्न मुलांसाठी छोट्या ‘सोशल स्टोरीज’ लिहायला सुरुवात केली. केस कापायला गेल्यावर काय काय होतं, असे साधे विषय. त्यांत ‘असं कर’ म्हणणारी वाक्यं मोजकीच आणि काय घडतं, समोरच्याला काय वाटतं हे सांगणारी जास्त, असा दंडक त्यांनी घातला. शिकागोच्या विव्हियन पेली तर मुलांनाच गोष्ट सांगायला लावत. मूल सांगेल ते त्या शब्दशः उतरवून घेत आणि मग वर्गातली मुलं ती गोष्ट करून दाखवत. त्यांच्या १९९०च्या पुस्तकातला जेसन सतत हेलिकॉप्टर होऊन फिरतो, इतरांत मिसळत नाही. त्याला हेलिकॉप्टर सोडायला लावण्याऐवजी त्या हेलिकॉप्टरलाच वर्गाच्या गोष्टींत जागा मिळत गेली. याला कागद, पेन्सिल आणि ऐकणारा माणूस पुरतो; आपल्या कुठल्याही अंगणवाडीला हे परवडेल.

गोष्ट म्हणजे रामबाण औषध नव्हे. हाकेला ओ न देणाऱ्या, नजरेला नजर न देणाऱ्या किंवा येत असलेलं बोलणं बंद झालेल्या मुलाला आधी तज्ज्ञांना दाखवावं. बाकीच्यांसाठी मात्र रोजची दहा मिनिटं आणि मधे गप्प बसण्याचा संयम एवढंच भांडवल लागतं.

शाळांना एक सुचवावंसं वाटतं. कथाकथन स्पर्धेच्या गुणपत्रकात पाठांतर, उच्चार, हावभाव आणि तात्पर्य असे रकाने असतात. त्यामुळे सहा वर्षांची पोरं हातवारे करत ‘यावरून आपल्याला असा बोध मिळतो की...’ म्हणतात आणि टाळ्या घेतात. यंदा तात्पर्याचे गुण काढून टाका. ते ऐकणाऱ्या मुलांना द्या, गोष्टीवर त्यांनी विचारलेल्या प्रश्नांसाठी. परीक्षकांची थोडी पंचाईत होईल, होऊ दे.