दोष वजनाचा की चाकाचा?



वर्गातला एखादा धिप्पाड मुलगा मित्राची सायकल मागतो, तेव्हा "नको रे बाबा, चाक वाकेल!" असे म्हणून सारे हसतात. तो बिचारा ओशाळतो आणि पुन्हा सायकलच्या वाटेला जात नाही. अंगाने भरलेल्या मुलींनाही हाच अनुभव येतो. हे थांबले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऐंशी-नव्वद किलोग्रॅम वजनाच्या स्वाराखाली चाक वारंवार वाकडे होत असेल, तर दोष स्वाराकडे जात नाही. तो चाक निवडणाऱ्याकडे आणि बांधणाऱ्याकडे जातो. कसा, ते पाहू.

बैलगाडीच्या चाकाचे लाकडी आरे चांगले मनगटाएवढे जाड असतात. गाडीचा भार तळच्या आऱ्यांवर दाबाच्या रूपाने येतो. सायकलचा आरा मात्र जेमतेम 2 मि.मी. जाडीची पोलादी तार! ती टेबलावर उभी धरून बोटाने दाबा. लगेच बाक येईल. मग ही तार माणसाचे ओझे पेलते कशी?

उत्तर मोठे मजेदार आहे. चाक बांधतानाच प्रत्येक आरा ताणून बसवलेला असतो. चांगल्या चाकात हा ताण सुमारे 100 किलोग्रॅम वजनाइतका असतो. तुम्ही सायकलवर बसलात, की जमिनीलगतची रिम किंचित वर दाबली जाते आणि तिथल्या तीन-चार आऱ्यांचा ताण कमी होतो. वरच्या आऱ्यांचा ताण मात्र फारसा वाढत नाही. म्हणजे तळच्या आऱ्यांचा ताण जेवढा घटतो, त्यावरच तुमचा भार तोलला जातो. जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकी अभियंत्याने 1981 साली प्रसिद्ध केलेल्या सायकलच्या चाकावरील पुस्तकात हे गणिताने आणि प्रयोगाने दाखवून दिले.

आता विचार करा. ताण घटून घटून किती घटेल? मुळात होता तेवढाच! आरे आधीच सैल असतील, तर वजनदार स्वार खड्ड्यातून जाताच तळच्या आऱ्यांचा ताण शून्यावर येतो. मग आऱ्याच्या टोकाचा बारीक नट, म्हणजे निपल, हळूहळू फिरून सुटू लागते आणि चाक 'आउट' होते.

आरे तुटतात ते का? 2 मि.मी. जाडीची चांगली तार तीनशे किलोग्रॅम वजनालाही सहसा तुटत नाही. पण 26 इंची चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे 480 फेरे घेते. रोज दहा किलोमीटर सायकल चालवली, तर दोनशे दिवसांत जवळजवळ दहा लाख फेरे होतात, आणि दर फेऱ्याला प्रत्येक आऱ्याचा ताण एकदा उतरतो, एकदा चढतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच हा प्रकार. याला धातूचा थकवा म्हणतात. आरा बहुधा तुटतो तो हबजवळच्या वळणावर.

मग 'माउंटन बाइक' घेताना काय पाहावे? दुकानात आपल्याला गिअर किती, टायर केवढा जाड, रंग कसा झगझगीत, हे दाखवले जाते. तुम्ही मात्र आधी आरे मोजा. वजनदार स्वाराच्या मागच्या चाकात निदान 32, मिळाल्यास 36 आरे असावेत. आपल्याकडील जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलीत पुढे 32 आणि मागे 40 आरे असतात. मागच्या चाकावर भार अधिक पडतो, हे त्यातले साधे शहाणपण. दुधाचे भरलेले कॅन त्याच चाकांवर गावोगाव फिरले आहेत.

दुसरे, रिम दुहेरी भिंतीची, भक्कम असावी. ती भार अधिक आऱ्यांत वाटून देते. तिसरे, सरसकट जाड आरे म्हणजे मजबूत चाक, हा समज सोडा. टोकांना 2 मि.मी. आणि मध्ये 1.8 मि.मी. जाडीचे आरे मिळतात. त्याच ताणाला ते अधिक लांबतात, म्हणून रिम दबली तरी चटकन सैल पडत नाहीत आणि शेजाऱ्यांनाही भाराचा वाटा देतात. जाडी हवी ती वळणापाशी!

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: ताण पुरेसा आणि सारखा हवा. तो वाटेल तेवढा वाढवूही नये. रिमला भोकांपाशी तडे जातात. हे काम जाणत्या कारागिराचेच. नवे चाक काही दिवस वापरल्यावर त्याच्याकडून पुन्हा तपासून घ्या. चार आरे जास्त असण्यापेक्षा त्याच्या हाताला दिलेले पैसे अधिक उपयोगी पडतात, असे मला वाटते.

शिक्षकांना एक विनंती. स्वरमापीवर तारेचा ताण आणि कंपनसंख्या यांचा संबंध आपण शिकवतोच. तो एकदा सायकलच्या चाकावर शिकवून पाहा. चाक अधांतरी धरून एका बाजूचे आरे बोटाने छेडावेत. लांबी आणि जाडी सारखी असल्याने सूर सारखा, तर ताणही सारखा. एखादा आरा 'थप्प' वाजला, तर तो सैल. गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाच्या डाव्या बाजूचा सूर उजव्यापेक्षा खाली असतो. उजवीकडे दातेरी चक्रे बसवण्यासाठी जागा सोडावी लागते. त्यामुळे तिकडचे आरे अधिक उभे आणि अधिक ताठ असतात. म्हणून तुलना एकाच बाजूच्या आऱ्यांची करावी.

आणि हो, या प्रयोगासाठी सायकल मागायला तो धिप्पाड विद्यार्थी पुढे आला, तर कोणी हसू नका. आधी चाकाचे आरे छेडून पाहा.