सुरांच्या गप्पा : गाणं कुणाचं?

मुलांनो, सहलीची बस गणपतीपुळ्याजवळ आली आणि खिडकीतून समुद्र दिसला, की कुणीतरी ‘मी डोलकर’ सुरू करतंच! डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं. ते लावून मासे धरतो तो डोलकर. हे गाणं कोळीवाड्यातलं फार जुनं, कुणी रचलं ते ठाऊक नसलेलं असणार, असंच वाटतं ना? पण नाही. ते लिहिलं शान्ता शेळके यांनी. त्यांचा जन्म इंदापूरचा, म्हणजे समुद्रापासून चांगलाच दूर! संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. लताबाईंबरोबर गायले हेमंतकुमार, आणि ते तर बंगाली! रेकॉर्डवर नावं असतात, म्हणून हे सारं आपल्याला कळतं.

पण प्रत्येक गाण्याचं नशीब असं कुठलं? अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या संगीताला ‘कंट्री’ म्हणतात. १९२७ साली ब्रिस्टल गावात कार्टर कुटुंबाने आपली पहिली गाणी रेकॉर्ड केली. ती लोकांना आवडली. मग नव्या रेकॉर्डसाठी आणखी गाणी हवीत, म्हणून ए. पी. कार्टर डोंगराळ भागात घरोघर फिरू लागले. बरोबर असे लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक. कार्टर शब्द उतरवून घ्यायचे, रिडल चाल ध्यानात ठेवायचा. रेकॉर्डवर नाव आलं ते मात्र कार्टरांचं. रिडलचं नाही, आणि ज्या घरांतून गाणी मिळाली त्यांचंही नाही.

आता आपल्याकडे बघा. रत्नागिरीच्या गावांत गणपतीच्या दिवसांत जाखडी रंगते. मधे गाणारे आणि ढोलकीवाला, भोवती चाळ बांधून गोल फिरणारे नाचणारे. शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जबाब रात्रभर चालतात. जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तिच्यात अख्खी रात्र मावणार कशी? मोबाईलमध्ये आता मावते, पण नुसता आवाज टिपून भागत नाही, बरं का!

या गणपतीत एक काम करा. आजीकडून तिचं एक गाणं मागून घ्या. फेराचं, ओवीचं, कुठलंही. वहीत गाणं लिहा. खाली आजीचं पूर्ण नाव, गाव आणि ती ते कुणाकडून शिकली, तेही लिहा.

आजी म्हणेल, ‘‘माझं कसलं रे नाव घालतोस!’’

तरी घालाच!