हायब्रिड पिकअप घ्यावी की साधी? अमेरिकेतल्या ग्राहकाचा हिशोब काय सांगतो?

आपल्याकडे पिकअप म्हटलं की मार्केट यार्डात भाजीचे क्रेट उतरवणारी गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र ऑफिसला जायला, मुलांना शाळेत सोडायला आणि सुट्टीत बोट ओढून न्यायलाही पिकअपच वापरली जाते.

३० सप्टेंबर २०२५ नंतर तिथे नव्या इलेक्ट्रिक गाड्यांवरची ७,५०० डॉलरपर्यंतची केंद्रीय करसवलत बंद झाली. त्यामुळे पेट्रोल आणि इलेक्ट्रिक यांच्या मधला पर्याय म्हणून हायब्रिडकडे पाहणाऱ्यांपुढे प्रश्न आहे: जास्तीचे पैसे वसूल होतात का?

हायब्रिडमध्ये पेट्रोल कसं वाचतं?

यात पेट्रोल इंजिनाच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर आणि छोटी बॅटरी असते. ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठते आणि गाडी पुन्हा निघताना वापरली जाते. साध्या हायब्रिडला चार्जिंग लागत नाही.

म्हणूनच सिग्नल आणि ट्रॅफिकमध्ये फायदा जास्त. २०२२च्या फोर्ड मॅव्हरिक हायब्रिडचं सरकारी मायलेज शहरात गॅलनला ४२ मैल, तर हायवेवर ३३ मैल होतं. म्हणजे लिटरला साधारण १८ आणि १४ किलोमीटर.

पैसे कधी वसूल होतात?

याच गाडीचं सरासरी मायलेज हायब्रिडमध्ये ३७, तर टर्बो पेट्रोलमध्ये २६ मैल. वर्षाला १५,००० मैल चालवणाऱ्याचं सुमारे १७० गॅलन पेट्रोल वाचतं. गॅलनला ३ डॉलर धरले तर वर्षाला ५०० डॉलरच्या आसपास.

समजा, हायब्रिडसाठी १,५०० डॉलर जास्त मोजले. ते तीन वर्षांत वसूल होतील. पण वर्षाला ५,००० मैलच चालवणाऱ्याला नऊ वर्षं लागतील. बॅटरीची वॉरंटी मात्र ८ वर्षं किंवा १ लाख मैल, यापैकी जे आधी होईल तोवरच. गाडी कर्जावर घेतली असेल तर व्याज वेगळं.

सगळ्या हायब्रिड पिकअप सारख्या असतात का?

नाही. टोयोटा टाकोमात हायब्रिडचा भर ताकदीवर आहे. साध्या इंजिनाची कमाल ताकद २७८ हॉर्सपॉवर, तर हायब्रिडची ३२६. मायलेजमध्ये फरक थोडाच पडतो.

फोर्ड एफ-१५० हायब्रिडमध्ये ७.२ किलोवॉटपर्यंत वीज देण्याची सोय मिळते. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासमध्ये थंडीच्या लाटेत वीज गेली, तेव्हा काहींनी याच गाडीवर घरातली उपकरणं चालवली. साइटवर जनरेटर नेणाऱ्या सुताराचा किंवा वेल्डरचा हिशोब इथे बदलतो.

जड ट्रेलर ओढायचा असेल तर?

सेकंड हँड घेणाऱ्यांनी इथे सावध राहावं. २०२४पर्यंतची मॅव्हरिक हायब्रिड फक्त २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०० किलो ओढू शकते आणि तिला ऑल-व्हील ड्राइव्हही नाही. २०२५च्या मॉडेलपासून ऑल-व्हील ड्राइव्ह आणि योग्य पॅकेज घेतल्यास ही क्षमता ४,००० पौंडांवर जाते.

मग ठरवायचं कसं?

रोज शहरात बरंच फिरणं होत असेल आणि गाडी चार-पाच वर्षं ठेवायची असेल, तर हायब्रिड परवडते. गाडी आठवडाभर दारात उभी राहून फक्त रविवारी हायवेला लागणार असेल, तर पंपावर वाचलेले पैसे शोरूममध्ये आधीच गेलेले असतात.