‘पिग्मॅलियन’ आधी लंडनचे नव्हतेच

१/ ‘मूळ नाटक लंडनचे, परदेशातील प्रयोग ही त्याची सावली’ हे गृहीतक इतके रुळले आहे की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या सुखात्मिकेच्या प्रयोगांच्या तारखा मात्र ते मोडीत काढतात.

२/ शॉ यांनी हे नाटक १९१२ मध्ये इंग्रजीत लिहिले. पहिला प्रयोग झाला १६ ऑक्टोबर १९१३ रोजी, व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये, झीगफ्रीड ट्रेबिच यांच्या जर्मन अनुवादातून. लंडनची फुलवाली एलायझा रंगमंचावर प्रथम बोलली ती जर्मन!

३/ १ नोव्हेंबरला बर्लिनच्या लेसिंग थिएटरात तिचा प्रवेश झाला. २४ मार्च १९१४ रोजी न्यूयॉर्कमध्येही नाटक जर्मनमध्येच झाले. लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरचा पडदा उघडला त्यानंतर, ११ एप्रिल १९१४ रोजी.

४/ हा योगायोग नव्हता. लंडनचे समीक्षक आपल्या नाटकांना नाटकच मानत नाहीत आणि तोच शेरा परदेशी वृत्तपत्रे उचलतात, अशी शॉ यांची तक्रार होती. पुढे लंडनमध्ये प्रयोग झाला, तेव्हा गदारोळ माजला तो एलायझाच्या तोंडच्या एका असभ्य शब्दावरून.

५/ ‘लंडनने निदान लेखकाचा हेतू जपला’ हा बचावही टिकत नाही. तिथे प्रोफेसर हिगिन्सची भूमिका करणारे हर्बर्ट बीरबोम ट्री अखेरीस एलायझाकडे फुले फेकून नाटकाची प्रेमकथा करू लागले. शॉ संतापले. १९१६ मध्ये उपसंहार जोडून त्यांनी एलायझाचे लग्न फ्रेडीशी लावले. भाषा लेखकाची, शहर लेखकाचे, लेखक हयात. तरीही विपर्यास झालाच.

६/ आक्षेप असा की, नाटकाचा विषयच इंग्रजी उच्चार, मग अनुवादात उरते काय? ट्रेबिच यांच्या अनुवादांतील चुकांवर टीका झाली, हे खरेच. पण उच्चारावरून माणसाची पायरी ठरवणारा समाज काही एकट्या इंग्लंडची मिरास नव्हे.

७/ याची साक्ष मराठी रंगभूमीच देते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’त १९७५ मध्ये भक्ती बर्वे यांची मंजुळा अवतरली. तिचा झगडा प्रमाण मराठीच्या अहंकाराशी होता; त्यासाठी प्रेक्षकाला लंडनचा एकही रस्ता ठाऊक असण्याची गरज नव्हती.

८/ म्हणून व्हिएन्नाच्या एलायझाला वा मंजुळेला ‘नक्कल’ म्हणणे इतिहासाला धरून नाही. ती हिगिन्सचीच खोड आहे: एका शहराचे बोलणे शुद्ध मानायचे आणि उरलेल्या जगाला त्या मापाने उणे ठरवायचे. त्या खोडीचीच तर हे नाटक थट्टा करते.