मूर्तीची उंची ठरली, वायरची जाडी कोण ठरवणार?

गणेशोत्सवाच्या बैठका आपल्याकडे आषाढातच सुरू होतात. मूर्ती किती फुटांची, देखावा कोणता, ढोलपथक बाहेरून आणायचे की इथलेच, यावर मध्यरात्रीपर्यंत खल चालतो. वर्गणीचा हिशेब पैशापैशाने मांडला जातो. पण मीटरपासून मंडपापर्यंत येणारी मुख्य केबल किती जाडीची आणि तिच्यावरचा ब्रेकर किती अँपिअरचा, हा विषय बडोद्यातल्या एकाही मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर आम्ही आजवर पाहिलेला नाही. तो 'डेकोरेशनवाला बघेल' या खात्यात जातो, आणि डेकोरेशनवाला गोदामात जी वायर पडली असेल ती आणतो. आमचे स्पष्ट मत असे की हा विषय कार्यकारिणीचा आहे आणि तो मूर्तीच्या आधी ठरला पाहिजे.

हिशेब दहावीच्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे. एक मध्यम मंडप घ्या. ४०० वॅटचे आठ मेटल लाइट म्हणजे ३२०० वॅट, दहा मोठे पंखे १५००, ध्वनिवर्धक १५००, तोरणे आणि देखाव्याची मोटर ८००, प्रसादाच्या बाजूला १०००. एकूण ८००० वॅट. २३० व्होल्टने भागा, सुमारे ३५ अँपिअर आले. आता आपला रिवाज असा, की शेजारच्या वाड्यातून किंवा पोळातल्या कुणा सज्जनाच्या मीटरवरून चार स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर ओढायची. अंतर साठ मीटर धरले तर जाऊन-येऊन १२० मीटर तार झाली. तिचा रोध जवळजवळ ०.६ ओहम. म्हणजे वीस व्होल्ट वाटेतच गेले आणि सातशे वॅटची उष्णता त्या वायरमध्येच तयार झाली, जवळपास एका इस्त्रीइतकी. वायर मोकळी पसरलेली असेल तर ही उष्णता साठ मीटरभर वाटली जाते. पण उरलेली वायर वेटोळे करून कनातीमागे टाकायची आपली सवय! तिथे ती उष्णता एकाच जागी कोंडते, आणि शेजारी थर्माकोल, कापड, कागदी फुले असतात.

हीच लाइन दहा स्क्वेअर मिलिमीटरची घेतली तर आठ व्होल्ट जातात, सोळाची घेतली तर पाच. ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, जरूर घ्यावी, पण तांब्याच्या दीडपटीहून अधिक जाडीची.

ब्रेकरच्या बाबतीत तर उलटाच कारभार चालतो. आरतीच्या वेळी सारे दिवे लागतात, ३२ अँपिअरचा एमसीबी पडतो, आणि कोणीतरी हुशार कार्यकर्ता तो काढून ६३चा बसवतो. मग ब्रेकर पडत नाही, सगळे खूश. ब्रेकर दिव्यांसाठी नसतो, तो वायर वाचवण्यासाठी असतो. वायर जेवढे सोसते त्याहून मोठा ब्रेकर लावला की आधी वायर जळणार. वरच्या उदाहरणात दहाची केबल आणि ४० अँपिअरचा ब्रेकर ही जोडी ठीक बसते. चारच्या वायरवर तोच ब्रेकर चालणार नाही.

शिवाय एमसीबी माणसाला वाचवत नाही. लोखंडी खांबात वीज उतरली आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या मुलाने त्याला हात लावला, तर एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा आणि केबलमध्ये अर्थिंगची वेगळी तार हवी. ती न्यूट्रलला जोडून 'काम भागवणारा' वायरमन दारातूनच परत पाठवावा. भाद्रपदात जमीन कोरडी नसते. २०२४ साली तर ऑगस्टअखेर विश्वामित्रीचा पूर आला आणि ७ सप्टेंबरला चतुर्थी होती.

या सगळ्यावर उपाय म्हणजे वीज कंपनीकडून तीन फेजचे तात्पुरते कनेक्शन. भार तिन्हींवर सारखा वाटला तर प्रत्येक फेजला जेमतेम बारा अँपिअर येतात, आणि वाड्यातल्या म्हाताऱ्या मीटरवर अत्याचार होत नाही. खांबावर आकडा टाकणे तर वीज कायदा, २००३च्या कलम १३५ खाली चोरी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्याचे कलम ५४ फारसे कोणाला ठाऊक नसते. शंभर किंवा अधिक माणसे जमण्याच्या जागी २५० वॅट व १०० व्होल्टपेक्षा जास्त वीज वापरायची, तर विद्युत निरीक्षक आणि पोलीस आयुक्त यांना सात दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. किती मंडळांच्या फायलीत हा कागद सापडेल?

अर्थात सगळा दोष मंडळांचा नाही. परवानगी एका दारी, अनामत दुसऱ्या दारी, तपासणी तिसऱ्या दारी, अशा फेऱ्या मारणारे कार्यकर्ते दिवसा नोकरी करतात. इथे लोकप्रतिनिधींनी हात लावावा. दरवर्षी स्वागतकमानीवर त्यांचे हसरे फोटो लागतात, भोवती दिव्यांची माळही असते. यंदा ते देणगी विचारायला आले की कमान नको म्हणावे. त्याऐवजी पोळाला एक मेन बोर्ड आणि साठ मीटर चांगली केबल मागावी, ती दहा वर्षे पुरेल. आणि तात्पुरत्या कनेक्शनचे सारे अर्ज प्रभाग कार्यालयातच एका टेबलावर घेण्याची व्यवस्था श्रावण लागण्यापूर्वी करून द्यावी, असे त्यांच्याकडून लेखी घ्यावे.