विजा कडाडतात तेव्हा



‘येत्या तीन तासांत मेघगर्जना, विजांचा कडकडाट व सोसाट्याच्या वाऱ्यासह पावसाची शक्यता.’ वळवाच्या दिवसांत हे वाक्य इतक्या वेळा कानी पडते, की ते कानांतच विरते. वास्तविक हा इशारा पावसाचा कमी आणि विजेचा अधिक असतो. हवामान विभागाचा पिवळा रंग ‘लक्ष ठेवा’ असे सांगतो, नारिंगी रंग ‘तयारीत राहा’ असे बजावतो आणि लाल रंगाचा अर्थ ‘तत्काळ कृती करा’ असा होतो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाईल अॅप आपल्या परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. घरातील एकाने तरी ते जवळ ठेवावे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातील एका संध्याकाळी माझ्या दवाखान्यात एका तरुण शेतमजुराला आणले. पाऊस आला म्हणून तिघेजण कडुनिंबाखाली थांबले होते आणि वीज झाडावर पडली. दोघे विव्हळत होते. त्यांच्याभोवती माणसे जमली. तिसरा निपचित पडला होता. ‘अंगात वीज आहे’ या भीतीने त्याला बराच वेळ कोणी हात लावला नाही. तो माझ्यापर्यंत पोहोचला तेव्हा करण्यासारखे काहीही उरले नव्हते.

या एका गैरसमजापायी जीव जातात, म्हणून स्पष्ट सांगतो: वीज पडलेल्या माणसाच्या शरीरात वीज साठून राहत नाही. त्याला तत्क्षणी स्पर्श करता येतो. घरातील तारेचा धक्का लागलेल्या माणसाला मात्र प्रवाह बंद केल्याशिवाय शिवू नये. या दोन गोष्टींची गल्लत होते.

विजेच्या आघाताने हृदय क्षणभर थांबते; पुष्कळदा ते आपोआप पुन्हा सुरू होते. परंतु मेंदूतील श्वसनकेंद्र त्याहून अधिक काळ बधिर राहते. श्वास नसल्याने प्राणवायू संपतो आणि हृदय दुसऱ्यांदा थांबते. मधली ती मोजकी मिनिटेच आपल्या हाती असतात. म्हणून अनेकांना इजा झाली असेल, तर जो निपचित आहे, त्याच्याकडे आधी जावे. जो ओरडतो आहे, त्याचा श्वास चालू आहे.

१०८ क्रमांकावर कळवा. रुग्णाला उताणे निजवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्या. तीस दाबांनंतर नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्या. ते जमत नसेल, तर निदान दाब थांबवू नका. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावेच. हृदयाची गती बिघडू शकते, कानाचा पडदा फाटलेला असू शकतो.

अर्थात, ही वेळच येऊ नये हे उत्तम. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जावे. झाड, उघडी शेड, ट्रॅक्टर, दुचाकी, विहिरीचा काठ यांपैकी काहीही आसरा नव्हे. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते. झाडाखाली बांधलेली गुरे एकदम दगावतात ती यामुळेच. घरातही नळ, आंघोळ व तारेला जोडलेली उपकरणे टाळावीत. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये.

पायाळू माणसावर वीज पडते, हा समज निराधार आहे. वीज जन्म पाहत नाही. उघड्यावरचे माणूस आणि एकटे उंच झाड यांना मात्र धोका अधिक.

आज रात्री जेवताना घरच्यांना एवढेच विचारा: वीज पडलेल्याला हात लावावा की नाही? उत्तर चुकले, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा.